गोंडोलाच्या शेवटच्या थांब्यावर

गुलमर्गच्या गोंडोलाचा दुसरा टप्पा जिथे संपतो, तिथे डब्याचं दार उघडलं की दोन प्रकारची माणसं बाहेर पडतात. पहिली आपल्या चांगल्या ओळखीची. पायात भाड्यानं घेतलेले गमबूट, अंगात भाड्याचाच लांबलचक कोट, कानावर ओढलेली माकडटोपी. ही मंडळी फोटो काढतात, बर्फाचे गोळे करून एकमेकांवर फेकतात, कुणी एखादं धपकन बसकण मारतं, सगळे हसतात. बोटं बधिर झाली की परतीच्या रांगेत जाऊन उभी राहतात.

दुसरी माणसं थांबतच नाहीत. डब्याच्या बाहेरच्या खोबणीतून रुंद फळ्या काढून खांद्यावर टाकतात, पाठीवरच्या पिशवीचा पट्टा छातीशी आवळतात आणि सगळी गर्दी जिकडे पाठ करून फोटो काढत असते, नेमक्या तिकडे, धारेच्या दिशेनं चालू लागतात. थोड्या वेळात त्यांचे ठिपके होतात. मग त्यातला एक ठिपका उतारावर सुटतो. मागे पांढऱ्या धुरळ्याची शेपटी, पुढे नुसती खोल दरी. खालून बघणाऱ्या आजीबाईंच्या तोंडून ‘अगं बाई!’ निघेपर्यंत तो अर्धा डोंगर उतरून गेलेला असतो.

ही कोण वेडी माणसं, असं सहकुटुंब गेलेल्या पर्यटकाला वाटलं तर त्याचा दोष नाही. गंमत एवढीच, की त्यांच्यातल्या काहींचं पोट या वेडावरच चालतं. ‘फ्रीराइड’ म्हणतात या प्रकाराला. नेहमीच्या स्कीइंगमध्ये यंत्रानं दाबून सारखा केलेला, दोन्ही बाजूंना खुणा लावलेला उतार असतो. फ्रीराइडवाल्याला असला आयता रस्ता नको असतो. डोंगर जसा आहे तसा, खडक, घळी, झाडं, कडे यांच्यासकट तो उतरतो. दोन पायांना दोन फळ्या बांधल्या तर स्की, दोन्ही पाय एकाच रुंद फळीवर आडवे बांधले तर स्नोबोर्ड. यांच्यासाठी २००८ पासून ‘फ्रीराइड वर्ल्ड टूर’ नावाची जागतिक स्पर्धामालिका आहे. तिथे घड्याळ लावत नाहीत. खेळाडूनं डोंगरातून कोणती वाट निवडली, तोल किती सांभाळला, उडी कशी घेतली, यावर परीक्षक गुण देतात. पण या खेळातली मोठी नावं स्पर्धेपेक्षा पडद्यावर जास्त झाली. साहित्य बनवणाऱ्या कंपन्या त्यांना पैसे देतात आणि त्याबदली कॅमेऱ्यासमोर जगातले अवघड उतार उतरून दाखवावे लागतात. माहितीपट हेच त्यांचं प्रगतिपुस्तक.

अशा माणसांना गुलमर्गची ओढ लागली ती गोंडोलामुळे.

कळसूबाईवर दोन कळसूबाया

श्रीनगरपासून गुलमर्ग साधारण पन्नास किलोमीटर. टंगमर्गपर्यंत सपाटी, तिथून पुढे देवदार आणि फरच्या जंगलातून तेरा किलोमीटरचा चढ. हिवाळ्यात टंगमर्गला चाकांना साखळ्या बांधलेल्या किंवा चारही चाकांना जोर असलेल्या गाडीत बसावं लागतं. वर पोचलं की समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटरवर एक मोठं थोरलं ताट ठेवावं तसं कुरण. उन्हाळ्यात हिरवंगार, फुलांनी भरलेलं. मूळ नाव गौरीमर्ग. सोळाव्या शतकात काश्मीरचा सुलतान युसूफ शाह चक यानं त्याचं गुलमर्ग केलं, असं सांगतात. इंग्रजांनी इथे गोल्फचं मैदान केलं, चर्च बांधलं आणि १९२७ मध्ये स्की क्लबही काढला. मराठी माणसाला मात्र गुलमर्ग आठवतं ते राज कपूरच्या १९७३ च्या ‘बॉबी’मुळे. ती झोपडी दाखवायला वाटाडे अजून उत्सुक असतात. ‘आप की कसम’मध्ये दिसलेलं टेकडीवरचं शिवमंदिर मात्र जून २०२४ मध्ये आगीत जळालं.

या ताटाच्या एका कडेला पीर पंजाल रांगेतला अफरवट उभा आहे. फ्रान्सच्या पोमा कंपनीच्या मदतीनं त्यावर गोंडोला बांधायचं काम १९८० च्या दशकाच्या अखेरीस हाती घेतलं गेलं. पुढे काश्मीर पेटलं आणि काम ठप्प झालं. कोंगडोरीपर्यंतचा पहिला टप्पा १९९८ मध्ये आणि अफरवटच्या खांद्यापर्यंतचा दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला. वरचं स्थानक सुमारे ३,९५० मीटरवर आहे. आपल्या महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी या स्थानकाच्या पायाशी पोचायला साडेसहाशे मीटर कमीच पडतात. रायगडच्या रोपवेत डोळे मिटून बसणाऱ्यांनी हा हिशेब डब्यात बसण्याआधी करू नये हे बरं.

इतक्या उंचीवर आणून सोडणारे पाळणे जगात फार नाहीत. एरवी असा उतार गाठायला हेलिकॉप्टर तरी भाड्यानं घ्यावं लागतं, नाहीतर पहाटे तीनला उठून पायी चढावं लागतं. इथे तिकीट काढलं की झालं. शिवाय भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात पीर पंजालला धडकून एका रात्रीत कमरेइतका भुसभुशीत बर्फ टाकून जातात. हे सगळं कळल्यावर युरोप-अमेरिकेतले स्कीपटू कॅमेरे घेऊन काश्मीरला येऊ लागले यात नवल नाही. त्यांच्या चित्रफितींत अफरवटच्या पांढऱ्या धारा असतात, कांगडी पोटाशी धरून बसलेले फेरनमधले म्हातारे असतात, मिठाचा गुलाबी चहा असतो आणि जागोजाग उभे असलेले जवानही असतात.

दोन मिनिटं वीस सेकंद

हिमालयाचा उतार आणि कॅमेरा यांची गाठ पडली ती गोंडोलाच्या कितीतरी आधी. जपानचा युइचिरो मिउरा ६ मे १९७० रोजी एव्हरेस्टच्या साउथ कोलवरून, म्हणजे सुमारे आठ हजार मीटरवरून, स्कीवर सुटला. वेगाला आवर घालायला पाठीला पॅराशूट बांधलेलं होतं. विरळ हवेत त्या पॅराशूटचा जेमतेम उपयोग झाला. दोन मिनिटं वीस सेकंदांत तो सुमारे दोन हजार मीटर खाली आला, मग पडला, चारशे मीटर फरफटत गेला आणि हिमनदीच्या जबड्यासारख्या भेगेपासून शे-पाऊणशे मीटरवर कसाबसा थांबला. जिवंत! या उतरणीवरच्या ‘द मॅन हू स्कीड डाउन एव्हरेस्ट’ या कॅनडात तयार झालेल्या माहितीपटाला १९७६ च्या समारंभात ऑस्कर मिळालं. मिउरा पुढे सत्तराव्या, पंच्याहत्तराव्या आणि ऐंशीव्या वर्षी एव्हरेस्टच्या माथ्यावर जाऊन आला. चिवट माणूस.

याच मोहिमेची दुसरी बाजू त्यामानानं कमी सांगितली जाते. उतरणीच्या महिनाभर आधी, ५ एप्रिल १९७० रोजी, खुंबूच्या हिमप्रपातात बर्फ कोसळून या मोहिमेचे सहा शेर्पा मरण पावले. कॅमेरे, दोर, अन्न, प्राणवायूच्या टाक्या वर पोचवायचं काम असल्या माणसांच्या पाठीवरच चालतं. जगाच्या लक्षात नाव राहिलं ते मिउराचं. ते सहाजण कोण होते, हे चित्रपट पाहून आलेल्या शंभर जणांना विचारलं तर एकालाही सांगता येणार नाही.

भारताच्या हद्दीतही असा एक मोठा उतार झाला. ‘अशक्याचा स्कीपटू’ म्हणून ओळखला जाणारा स्वित्झर्लंडचा सिल्वँ सोदाँ १९७७ मध्ये ७,१३५ मीटर उंचीच्या नून शिखरावरून स्कीवर उतरला. पुढे १९८२ मध्ये आठ हजार मीटरवरचं हिडन पीक त्यानं स्कीवर उतरून काढलं. हाच सोदाँ नंतर काश्मीरच्या प्रेमात पडला आणि हेलिकॉप्टरनं पर्यटक स्कीपटूंना इथल्या शिखरांवर नेऊ लागला. २०२४ च्या जुलैमध्ये तो वारला. वय सत्त्याऐंशी. या धंद्यात हे भाग्य सगळ्यांना मिळत नाही.

किती जणांना मिळत नाही, हे पाहायचं असेल तर २००७ चा ‘स्टीप’ हा माहितीपट पाहावा. अमेरिकेच्या बिल ब्रिग्जनं १९७१ मध्ये ग्रँड टीटन हे शिखर स्कीवर उतरलं तिथपासून या खेळाची कहाणी तो सांगतो. त्यात इंग्रिड बॅकस्ट्रॉमसारखी तरुणी उभ्या उतारावर पुरुषांच्या बरोबरीनं झेपावताना दिसते, शेन मॅकाँकी हसतखेळत कड्यावरून उडी टाकताना दिसतो, आणि डग कूम्ब्स हा या सगळ्यांना गुरुस्थानी असलेला माणूस शांतपणे बोलताना दिसतो. चित्रपट पडद्यावर आला तेव्हा कूम्ब्स हयात नव्हता. ३ एप्रिल २००६ रोजी फ्रान्समध्ये ला ग्राव इथे कड्यावरून घसरलेल्या साथीदाराला पाहायला तो धारेकडे सरकला आणि स्वतःच गेला. मॅकाँकी २००९ च्या मार्चमध्ये इटलीतल्या डोलोमाइट डोंगरांत. दोघांच्याही घरी लहान मुलं होती. पडद्यावर उडी पाहताना टाळ्या पडतात, तेव्हा हे माहीत असलेल्या प्रेक्षकाचा हात जरा अडखळतो.

अर्थात सगळेच बेफिकीर असतात असं मुळीच नाही. उलट, मोठे खेळाडू भलतेच हिशेबी. एका उतारासाठी आठवडाआठवडा तंबूत पडून राहायचं, दुर्बिणीतून डोंगर पाठ करायचा, आणि नेमक्या दिवशी मन कच खाल्लं तर सरळ परत फिरायचं. पोलंडचा आंद्रे बार्गिएल २०१७ मध्ये के-टूवर गेला. हवा आणि दगडांची पडझड बघून त्यानं बेत सोडून दिला. पुढच्या वर्षी पुन्हा गेला आणि २२ जुलै २०१८ रोजी माथ्यापासून तळापर्यंत पायातली स्की न काढता उतरला. ‘के-टू: द इम्पॉसिबल डिसेंट’ हा २०२० चा माहितीपट त्यावरचा. त्या वेळी चित्रीकरणासाठी नेलेल्या ड्रोनचा आणखी एक उपयोग झाला. बार्गिएलच्या भावानं उडवलेल्या या ड्रोनला शेजारच्या ब्रॉड पीकवर हरवलेला एक गिर्यारोहक दिसला आणि त्याचा जीव वाचला. सप्टेंबर २०२५ मध्ये बार्गिएलनं प्राणवायूच्या टाकीशिवाय एव्हरेस्ट चढून तोही स्कीवर उतरून दाखवला.

हे झालं परक्यांचं. गुलमर्गच्या स्वतःच्या पोरांचं काय?

कोडगूचा सेनापती, टंगमर्गचा मुलगा

गुलमर्गला भारतीयांचं शिस्तशीर स्कीइंग सुरू केलं ते सैन्यानं, आणि तेही एका दाक्षिणात्य माणसानं. म्हैसूरशेजारच्या कोडगूमध्ये जन्मलेले, पुढे लष्करप्रमुख झालेले जनरल थिमय्या १९४८ मध्ये काश्मीरच्या लढाईत होते. बर्फात लढायचं तर बर्फात चालता यायला हवं, हे ओळखून त्यांनी त्याच वर्षाच्या डिसेंबरात गुलमर्गला स्की शाळा काढली. आज ती ‘हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल’ म्हणून नावाजलेली आहे. योगायोग असा, की त्याच कोडगूची भवानी तेक्कडा नंजुंडा ही मुलगी, जिच्या गावात कॉफीचे मळे आणि मुसळधार पाऊस, ती गुलमर्गच्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धांत लांब पल्ल्याच्या स्कीइंगची सुवर्णपदकं घेऊन गेली.

स्थानिकांत सगळ्यांत गाजलेलं नाव आरिफ खानचं. टंगमर्गजवळचा हा मुलगा. वडिलांचं गुलमर्गला स्कीच्या साहित्याचं दुकान. चौथ्या वर्षी फळ्या पायात चढल्या. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा तो एकुलता एक खेळाडू होता. तिरंगा त्याच्याच हातात होता आणि जायंट स्लॅलममध्ये तो ४५ वा आला. आकडा ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी एवढंच ध्यानात घ्यावं, की त्याच्यापुढे असलेल्या बहुतेकांच्या देशांत उताराला पाळणे आणि सरावाला सहा-सहा महिने बर्फ असतो.

पण आरिफ एकच. बाकीच्या तरुणांना हिवाळ्याच्या तीन-चार महिन्यांत वर्षाची कमाई करायची असते. कुणी पर्यटकांची घसरगाडी ओढतो, कुणी स्की भाड्यानं देतो, कुणी शिकवतो. त्यातले जे उत्तम, ते परदेशी पाहुण्यांना अफरवटवर घेऊन जातात. अमुक घळीत दुपारी ऊन आलं की बर्फ सुटतो, तमुक धारेवर वाऱ्यानं बर्फाची पोकळ ओसरी तयार झालेली असते, हे त्यांना पुस्तकाशिवाय कळतं. चित्रपटात व्यावसायिक खेळाडू ज्या वाटेनं झेपावतो, ती पुष्कळदा यांनीच दाखवलेली असते. शेवटच्या नामावळीत त्यांचं नाव आलंच तर बारीक अक्षरांत भराभर सरकून जातं. तोवर प्रेक्षक खुर्चीवरून उठलेले असतात.

दोरीच्या पलीकडे

वरच्या स्थानकाखाली गोंडोलाच्या तारेजवळचा जो खोलगट भाग आहे, तिथे गस्तीपथक असतं. मोठी बर्फवृष्टी झाली की पथक आधी धोका तपासतं, गरज पडल्यास स्फोट करून सैल बर्फ मुद्दाम पाडतं आणि मग तो भाग खुला होतो. दोरीच्या पलीकडे गेलं की माणूस आणि डोंगर, तिसरं कुणी नाही.

हिमस्खलन म्हणजे वरून गडगडत येणारा बर्फाचा गोळा अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा मरणाऱ्याच्या पायाखालचीच सबंध लादी सुटते. जुन्या बर्फाचा एखादा थर साखरेसारखा मोकळा झालेला असतो, त्यावर नव्या बर्फाचं जड ओझं येऊन बसतं आणि एका माणसाच्या वजनानं ते सगळं निसटतं. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार यासाठी सर्वांत वाईट, आणि स्कीला सर्वांत चांगले तेच! म्हणून प्रत्येक फ्रीराइडवाल्याकडे तीन वस्तू असतातच: गाडला गेला तर संदेश देणारं छोटं यंत्र, बर्फात खुपसून शोधायची लांब काठी आणि फावडं. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर आशा असते. म्हणजे वाचवणार ते सोबतचेच. खालून मदत येईपर्यंत उशीर झालेला असतो.

हे कोरडं ज्ञान नव्हे. ८ फेब्रुवारी २०१० रोजी खिलनमर्गला सरावासाठी गेलेल्या लष्करी शाळेच्या तुकडीवर बर्फ कोसळला आणि १७ जवान गेले. डोंगराची सर्वाधिक ओळख असलेली ती माणसं. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटवर पोलंडचे दोन स्कीपटू गेले. १९ परदेशी पाहुणे आणि दोन स्थानिक वाटाडे वाचले. २२ फेब्रुवारी २०२४ ला एक रशियन स्कीपटू.

आणि आता तर बर्फाचाच भरवसा राहिलेला नाही. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस ‘चिल्लई कलाँ’चे, कडाक्याच्या थंडीचे. या दिवसांत पडलेला बर्फ टिकतो, उन्हाळ्यात ओढ्यांना पाणी देतो, असा पिढ्यांचा अनुभव. जानेवारी २०२४ मध्ये हे दिवस जवळजवळ कोरडे गेले. गुलमर्गच्या ताटात पांढऱ्याऐवजी वाळकं पिवळं गवत दिसत होतं. लोकांनी सहली रद्द केल्या, घसरगाड्या भिंतीला टेकून राहिल्या. महिनाअखेरीस बर्फ आला खरा, पण निम्मा हंगाम गेला होता. २०२५ मध्ये ‘खेलो इंडिया’च्या स्पर्धा फेब्रुवारीत ठरलेल्या, त्या बर्फाअभावी मार्चवर ढकलाव्या लागल्या.

अमेरिकेचा स्नोबोर्डपटू जेरेमी जोन्स याला हे लवकर दिसलं. वर्षानुवर्षं त्याच त्या डोंगरांवर जात असताना बर्फरेषा वर सरकतेय हे त्याच्या ध्यानात आलं आणि २००७ मध्ये त्यानं हिवाळा वाचवण्यासाठी संस्था काढली. हेलिकॉप्टर सोडून तो पायी चढून बोर्डवर उतरू लागला. ‘डीपर’, ‘फर्दर’ आणि ‘हायर’ हे त्याचे तीन चित्रपट असेच झाले. २०१४ च्या ‘हायर’साठी तो नेपाळच्या हिमालयात गेला होता. विमानानं जगभर फिरून हवामानावर बोलतो म्हणून त्याला टोमणेही बसतात. ते अगदीच चुकीचे नाहीत. तरी निदान उतार दाखवून झाल्यावर त्या उतारावरच्या बर्फाचं काय, हे विचारणारा तो एक निघाला.

काश्मीरवर दुसरंही सावट आहेच. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामच्या बैसरन कुरणात २६ जणांची हत्या झाली, त्यात महाराष्ट्रातले सहाजण होते. त्यानंतर घरोघरी काश्मीरची तिकिटं रद्द झाली. जायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं, निघण्याआधी त्या वेळची परिस्थिती आणि कोणती ठिकाणं खुली आहेत हे नीट विचारून घ्यावं.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. गोंडोलाची तिकिटं आधीच ऑनलाइन काढावीत, आयत्या वेळी मिळत नाहीत. दम्याचा, हृदयाचा त्रास असलेल्यांनी दुसऱ्या टप्प्याचा हट्ट धरू नये. कोंगडोरीवरूनही डोळ्यांचं पारणं फिटतं. मुलांना स्की शिकवायची असेल तर वर कशाला? गोल्फच्या मैदानाजवळचा बुटका उतार त्यासाठीच आहे. पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग व गिर्यारोहण संस्थाही गुलमर्गला पद्धतशीर वर्ग घेते. पहिल्या दिवशी पोरं सतरा वेळा पडतात, दुसऱ्या दिवशी आईवडिलांना ओळख दाखवत नाहीत.

अफरवटवरचे ते ठिपके तोवर कुठे जातात? बरेचसे गुलमर्गला उतरतच नाहीत. जंगलातून झाडं चुकवत ते बाबारेशीच्या दर्ग्याकडे निघतात, नाहीतर थेट टंगमर्ग किंवा द्रंगच्या बाजूला. वरच्या स्थानकापासून टंगमर्गपर्यंत दीड हजार मीटरहून जास्त उतार. कळसूबाईच्या माथ्यावरून थेट समुद्राला यावं, जवळजवळ तितका. शेवटी बर्फ पातळ होतो, गवत, चिखल, शेताचे बांध लागतात. फळ्या काढून खांद्यावर घ्यायच्या. सडकेच्या कडेला जीपवाला शेगडी पेटवून वाट पाहत असतो. फळ्या टपावर बांधल्या जातात, वाटाड्या पुढच्या सीटवर बसून कांगडी फेरनमध्ये घेतो आणि भाडं ठरवायला सुरुवात करतो. उजेड असेल तर दिवसाची आणखी एक फेरी होते.